नखी, घट्टा आणि तार

सतार वाजवणाऱ्याच्या दोन हातांना दोन वेगळे न्याय लागू होतात. उजव्या हाताच्या तर्जनीवर पोलादी तारेची नखी घट्ट बसवलेली असते. तारेवर आघात होतो तो नखीचा, बोटाची कातडी सुरक्षित राहते. डाव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा मात्र उघडी. ही दोन बोटे बाजाची, म्हणजे मुख्य, तार पडद्यावर दाबतात, तिच्यावरून सरकतात आणि मींड घ्यायची वेळ आली की तीच ताणलेली तार पडद्यावर आडवी ओढत नेतात. बाजाची तार जेमतेम 0.3 मिलिमीटर जाडीची. एकाच पडद्यावरून चार-पाच स्वर ओढून काढायचे, तर तिचा सगळा ताण बोटाच्या टोकावरच्या एका रेघेवर येतो.

शिकणाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात कळते. बोटावर आधी लाल रेघ उमटते, मग फोड येतो, फोड फुटतो आणि उघड्या कातडीवर पुन्हा तार बसते. कित्येकांची सतार याच टप्प्यावर गवसणीत जाते आणि परत बाहेर येत नाही. जे टिकतात त्यांच्या बोटावर घट्टा तयार होतो, आणि त्या घट्ट्यातही तारेची खाच कायमची कोरली जाते.

एका हाताला कवच आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे का झाले? बोट दुखते हे काही नव्याने कळलेले नाही. आपल्याकडच्या वादकांनी आणि कारागिरांनी शेकडो वर्षे त्यावर तोडगे काढले. मात्र प्रत्येक तोडग्याची परीक्षा शेवटी कानाने घेतली. ज्याने बोट वाचले आणि सूरही वाचला तो टिकला. ज्याने सूर बिघडला तो बाजूला पडला. बोटांच्या दुखण्याचा इतिहास म्हणूनच नादाच्या आवडीनिवडीचाही इतिहास आहे.

त्यातला एक जुना धागा महाराष्ट्रात सापडतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी, सिंघण राजाच्या काळात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. घराणे मूळचे काश्मीरचे, स्वतः राज्याच्या हिशेबखात्यातला मोठा अधिकारी, आणि संगीतावरची पकड अशी की त्याच्या ग्रंथाशिवाय भारतीय संगीताचा इतिहास लिहिता येत नाही. ग्रंथाच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. एकच तार, पडदे नाहीत. डाव्या हातात कम्रिका नावाचा बांबूचा तुकडा धरून तो तारेवरून सरकवायचा आणि स्वर काढायचे. तारेला भिडतो तो बांबू. आजची विचित्रवीणा याच जातीची. तिच्यावर काचेचा गुळगुळीत बट्टा फिरतो. अशा वाद्यांत डाव्या बोटांना तार कापत नाही. पण घसरून येणारा लांबलचक स्वर त्यांना जसा साधतो, तशी बोटाच्या चपळाईने घेतलेली बारीक हरकत साधणे महाकठीण. विचित्रवीणेवर द्रुत तान वाजवणारा कलावंत ऐकला की त्यामागची मेहनत लक्षात येते.

पडद्यांची वाद्ये पुढे आली आणि बोट पुन्हा तारेवर आले. अठराव्या शतकातल्या दिल्लीत सतार आकार घेत होती. तेव्हाचे वाद्य आजच्या मानाने हलके, तारा थोड्या, खाली झंकारणाऱ्या तरफांच्या तारा नाहीत. त्या शतकात आणि पुढच्या शतकात मसीतखानी आणि रझाखानी गती घडल्या. मसीतखानी गतीचा ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ हा बोल सतार शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी बसतो. त्यातला ‘दा’ आणि ‘रा’ म्हणजे तर्जनीचे दोन उलट दिशांचे आघात. नखी नसेल तर एका दिशेला तारेला बोटाचे मांस लागेल आणि दुसऱ्या दिशेला नख. दोन्हींचा आवाज वेगळा. नखी चढवली की दोन्ही वेळा तारेवर पोलादच पडते. ‘दिर’ एकसारखा वाजतो, आणि लय वाढवत झाल्यापर्यंत जाता येते. नखीने बोट वाचवले हे खरेच, पण वादकांनी तिला इतके जवळ केले त्याचे कारण तिने हाताला दिलेली ही बोली आहे. बोट वाचणे आणि बाज फुलणे या दोन गोष्टी इथे सुदैवाने एकाच बाजूला आल्या.

नखी दिसायला अगदी साधी. पोलादी तारेचा एक तुकडा. मध्यावर वाकवून पुढे टोक काढलेले आणि दोन्ही बाजूंनी बोटाला वेढे घालणारे. बोटाच्या शेवटच्या पेरावर ती इतकी घट्ट बसावी लागते की जोरदार आघातानेही फिरू नये. सैल नखी मैफलीत दगा देते, फार घट्ट नखी रक्त अडवते. म्हणून विकत आणलेली नखी कोणी तशीच वापरत नाही. पकडीने थोडी दाबायची, थोडी उघडायची, पुन्हा घालून पाहायची. दीर्घ रियाजानंतर नखी काढली की पेराच्या दोन्ही बाजूंना वेढ्यांचे वळ दिसतात, आणि काही वर्षांनी तिथेही घट्टे पडतात. तारेच्या जखमेपासून वाचवणारी नखी स्वतःची वेगळी खूण ठेवतेच.

महाराष्ट्रात सतारीचा विषय निघाला की मिरजेला जावेच लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धनांच्या संस्थानात, शिकलगार घराण्यांतली मंडळी तंतुवाद्यांकडे वळली. तलवारी-भाल्यांना धार लावणे, शस्त्रांची डागडुजी करणे हे त्यांचे काम. संस्थानांच्या फौजा गेल्या आणि ते काम आटले. दरबारातल्या एका गवयाचा बिघडलेला तंबोरा दुरुस्त करण्यापासून या व्यवसायाची सुरुवात झाली असे सांगितले जाते. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या परंपरेच्या मुळाशी घेतले जाते. पंढरपूर, मंगळवेढा भागातले भोपळे, तुणीचे लाकूड आणि कारागिराचा कान एवढ्या भांडवलावर या गावाचे नाव देशभर गेले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि 1937 मध्ये त्यांचे दफनही तिथेच झाले. त्यांच्यासारख्या सुराबाबत कमालीच्या काटेकोर गवयाचा सहवास मिरजेच्या तंबोऱ्याला लाभला. मार्च 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

कारागिराच्या हातातही बोटांचे सुख असते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पडदा नीट घासलेला नसेल, त्याच्या कडेला बारीकसा चरा असेल, तर मींड घेताना तार अडखळते आणि बोटाला जास्त जोर लावावा लागतो. तार पडद्यापासून वाजवीपेक्षा उंच राहिली तर दाबायला दुप्पट कष्ट. फार खाली आली तर तार पडद्यावर आपटून खरखर करते. घोडीची जवारी काढताना मिरजेचा जाणता कारागीर तारेचा नाद घडवतो आणि वादकाच्या बोटाला झेपेल अशी उंचीही राखतो. विद्यार्थ्याचे बोट फार दुखत असेल तर जाणते शिक्षक आधी त्याचे वाद्य तपासतात ते यासाठीच. निम्मी दुखणी वाद्यातून आलेली असतात.

आता डावा हात. त्याच्यासाठी तोडगा निघाला तो कवचाचा नाही, तेलाचा. वादकाजवळ एक लहानशी डबी असते, तीत खोबरेल तेलात भिजवलेला कापूस. वाजवता वाजवता बोटे त्यावर टेकवायची आणि पुन्हा तारेवर न्यायची. तेलाने बोट तारेवरून सरकते, घर्षण कमी होते, कातडी फाटत नाही. मैफलीत पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाला ही हालचाल दिसतेही: आलापात एक स्वर सोडून दुसरा घेण्याच्या मधल्या जागेत हात क्षणभर डबीकडे जातो. सारंगीवाले हेच काम पावडरीने करतात.

विसाव्या शतकात सतारीची मींड आणखी लांब झाली. इमदाद खाँच्या घराण्यातले विलायत खाँ (1928–2004) गळ्यातली गायकी सतारीवर आणण्याच्या ध्यासाने वाजवत. एकाच पडद्यावरून स्वरांची अख्खी वेल ओढून काढायची, तीही तार न तुटता आणि स्वर न हलता. या ओढीला जुन्या बांधणीची सतार पुरी पडेना. तेव्हा त्यांनी कारागिरांना हाताशी धरून वाद्याची बांधणी बळकट करून घेतली, तारांची मांडणी बदलली. इथे क्षणभर थांबावे असे वाटते. ताण वाढला तेव्हा दांडी आणि तबली मजबूत झाली. बोटावर काहीच चढले नाही. चढवता येणारही नव्हते. मींड घेताना स्वर किती पोचला, आता किती ओढायचे, कुठे अर्ध्या श्रुतीवर थांबायचे हे बोटाच्या त्याच दुखऱ्या टोकाला समजत असते. त्याच्यावर कातड्याची किंवा रबराची टोपी घातली तर दुखणे थांबेल आणि ती समजही थांबेल. शिवाय मऊ टोपीखाली तार पडद्यावर स्वच्छ दाबली जात नाही, नाद लगेच विझतो. डाव्या हातासाठी नखी निघाली नाही याचे उत्तर एवढेच.

सरोदेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. सरोदेला पडदे नाहीत. तारांखाली पोलादाची गुळगुळीत पट्टी असते. बोटाच्या नुसत्या मांसल टोकाने तार दाबली तर नाद बोथट होतो, म्हणून सरोदिये डाव्या हाताची नखे कामाला लावतात. अमजद अली खाँ यांच्या बाजात तर नखाच्या कडेलाच महत्त्व. नख आणि पोलादी तार यांची रोजची झटापट म्हटल्यावर नखांना खाचा पडणारच. मग कानस घेऊन नखे घासायची, खाच मिटवायची, पण नख फार छाटले जाणार नाही हेही पाहायचे. एक नख तुटले तर कार्यक्रम धोक्यात येतो. उजव्या हातात नारळाच्या करवंटीचा जवा धरलेला असतो, त्यामुळे ती बोटे निर्धास्त.

सारंगीचे बोट पाहिले की मात्र अंगावर काटा येतो. सारंगीवर तार बोटाच्या टोकाने दाबतच नाहीत. आतड्याच्या जाड तारेला नखाच्या मुळाशी, जिथे नख संपून कातडी सुरू होते तिथे, बाजूने टेकवून वर-खाली सरकवतात. शरीराच्या इतक्या नाजूक जागेला इतके कष्टाचे काम फार थोड्या वाद्यांनी दिले आहे. तिथे घट्टे पडतात, खाचा पडतात. बाजूने टेकलेल्या त्या बोटामुळेच सारंगीत गळ्याचा भास होतो. तार लाकडावर दाबली जात नाही, ती हवेत अधांतरी राहून बोटाबरोबर वळते. राम नारायण (1927–2024) यांनी मुंबईत राहून साथीच्या या वाद्याला एकल वादनाच्या व्यासपीठावर आणले आणि त्यांच्या कन्या अरुणा नारायण यांनी, स्त्रियांनी सारंगी वाजवायची नाही हा जुना दंडक मोडला. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या साथीला कादर बक्ष यांची सारंगी होती. सारंगीच्या जागी आलेली पेटी मात्र सोपी, तिचे सूर तयार, आणि तिच्यामागे बसणाऱ्याला बोटे सोलून घ्यावी लागत नाहीत. महाराष्ट्रात सारंगी मागे पडण्याची सामाजिक कारणे पुष्कळ सांगितली जातात. त्यांच्या जोडीला हे शारीरिक कारणही मांडायला हवे.

सगळ्यांत विलक्षण उदाहरण रुद्रवीणेचे. ही वीणा, म्हणजेच बीन, वाजवणारे बीनकार परंपरेने उजव्या हाताच्या तर्जनीवर आणि मध्यमेवर नख्या घालतात. करंगळीच्या नखाने चिकारीच्या बाजूच्या तारा छेडतात. झिया मोहिउद्दीन डागर (1929–1990) यांनी या वीणेत बदल करून घेतले: भोपळे मोठे, दांडी जाड, तारा जाड. आणि मग त्यांनी नख्या उतरवून ठेवल्या. पोलादाने पोलाद छेडल्यावर येणारी धातूची किणकिण त्यांना नको होती. बोटाच्या मांसाने तार छेडल्यावर येणारा खोल, गोल नाद हवा होता. ज्या बाजूला कवच शेकडो वर्षे रुळले होते, ती बाजूही त्यांनी उघडी केली, तीही नेहमीपेक्षा जाड तारांपुढे. ध्रुपदाच्या सावकाश आलापाला तो नाद शोभत होता, म्हणून हे कष्ट पत्करले. पनवेलजवळ पळस्पे इथे त्यांनी गुरुकुल उभारले आणि त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन डागर ती परंपरा आज चालवत आहेत. सर्वांनीच असे करावे असे नाही. जयपूरच्या परंपरेतले असद अली खाँ (1937–2011) वीणा खांद्यावर घेऊन नख्यांनीच वाजवत, आणि त्यांच्या बीनेतली ती धारही तितकीच अस्सल होती.

बोटावर टोपी घालून वाजवणे अशक्यच असते असे मात्र नाही. त्यासाठी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जावे लागते. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबणारी बोटे नेमकी हीच. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत भाजून जायबंदी झालेल्या डाव्या हाताच्या दोनच बोटांवर भर देऊन वाजवणारा तो थोर गिटारवादक. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या बनवल्या आणि पकड यावी म्हणून त्यांवर जुन्या जाकिटाचे कातडे चिकटवले. टोपीतून तारेचा स्पर्श कळेना, म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे तारा उतरवून खालच्या पट्टीत लावल्या, त्या सैल पडल्या, ओढायला सोप्या झाल्या आणि आवाज गडद, जडशीळ झाला. 1970 मध्ये त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी आली आणि हेवी मेटल नावाचा प्रकार त्या नादावर उभा राहिला. बोट झाकल्यावर संगीत बदलते, ही गोष्ट इतक्या ठळकपणे दुसरीकडे दिसत नाही. विजेच्या गिटारीला ध्वनिवर्धकाचे बळ होते म्हणून ते निभावले. सतारीच्या मींडेला तो बदल मानवला नसता.

मराठी मुलखात मैफलीबाहेरही तार छेडली जाते, आणि तिथला उपाय निराळाच आहे. हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस, रात्रंदिवस खाली ठेवायची नसते. गळ्यात वीणा अडकवून, तर्जनीने तार छेडत, नामस्मरण करत उभे राहायचे. कुणा एकाचे बोट आणि पाय हे पेलणार नाहीत. म्हणून पहारे लावतात. आपला पहारा संपला की वीणेकरी पुढच्याच्या गळ्यात वीणा देतो, एकमेकांच्या पाया पडतात, आणि तार थांबत नाही. शेतात राबून आलेल्या माणसाच्या बोटाला घट्टे आधीचेच असतात. नांगराच्या रुमण्याचे, खुरप्याचे. त्या हातांनी छेडलेली तार आठवडाभर वाजत राहते ती वाटून घेतल्यामुळे. अखंड वादनाचा इतका शहाणा बंदोबस्त कुठल्या संगीत विद्यालयाने केल्याचे ऐकिवात नाही.

गाणे शिकणाऱ्या मुलामुलींच्या बोटांना पूर्वी तंबोरा फोड आणत असे. गुरूमागे बसून दोन-तीन तास मध्यमा आणि तर्जनीने तारा छेडत राहायचे, गुरूच्या गाण्यात खंड पडू द्यायचा नाही. 1979 मध्ये बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला आणि पुढे तो घरोघर पोचला. आता तेच काम मोबाइल करतो. बोटे वाचली, हे खरे. पण तार नेमकी कुठे छेडली की गंधार ऐकू येतो हे बोटाने शोधायची सवयही त्याबरोबर कमी झाली, आणि ती हानी लहान नाही.

दुखऱ्या बोटांबद्दल जुन्या उस्तादांनी जे सांगितले ते आजच्या शरीरशास्त्राशी जुळते. घर्षण अचानक आणि फार झाले की कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी साठते, तो फोड. तेच घर्षण थोडे थोडे, रोज झाले की वरचा मृत पेशींचा थर जाड होत जातो, तो घट्टा. म्हणून पहिल्या महिन्यात एका बैठकीत दोन तास वाजवण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-पंधरा मिनिटे वाजवावे. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर कातडी मऊ झालेली असते, तेव्हा तारेला हात लावू नये. फोड स्वतःहून फोडू नये. घट्ट्याची कड उचकटली तर ती ओढून काढू नये, हलकेच घासावी. गंजलेली तार बदलावी. बोट कापण्यात गंजाचा वाटा मोठा असतो. काही आठवडे वादन सुटले तर घट्टा विरतो आणि कितीही मुरलेला वादक असला तरी त्याला पुन्हा हळूहळूच सुरुवात करावी लागते. आणि दुखणे कातडीत नसून सांध्यात किंवा मनगटात असेल, बोट बधिर होत असेल, तर रियाजाचा अट्टहास सोडून डॉक्टरांकडे जावे. रक्त आल्याशिवाय विद्या येत नाही ही समजूत कित्येक चांगल्या हातांना कायमची अधू करून गेली आहे.

बाजारात आता सिलिकोनच्या बोट-टोप्या मिळतात. गिटार शिकणाऱ्या लहान मुलांना पहिले काही दिवस त्या उपयोगी पडतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सतारीवर त्या चालत नाहीत.

या सगळ्या छोट्या वस्तू आणि त्या घडवणारी माणसे यांची नोंद मात्र व्हायला हवी. वाद्ये संग्रहालयांत पोचतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तंतुवाद्यांचा देखणा संग्रह आहे. अशा वाद्यांशेजारी झिजलेली नखी, खाच पडलेला जवा, तेलाच्या कापसाची डबी ठेवली जावी. मिरजेत आज काम करणाऱ्या सतारमेकरांकडून, त्यांच्या वडील-आजोबांच्या वेळी नखी कोण वाकवत असे, तार कुठली वापरत, कुठल्या वादकाला टोक किती लांब लागे, हे विचारून लिहून काढावे. सांगणारी माणसे अजून आहेत.